वळसा घालून आलेले मास्तर

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा जाम झाला. शर्टाची बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायचं आणि पाठीला साबण लावणं तर मी सोडूनच दिलं होतं. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी ओपीडीत दीड महिना खेटे घातले. पहिल्या दिवशी दोन विद्यार्थिनी पुढ्यात आल्या. एकीच्या हातात गोनिओमीटर, म्हणजे दोन लांब पट्ट्या जोडलेला कोनमापक, आणि दुसरीच्या हातात वही. ‘काका, हात कानाकडे न्या.’ दात-ओठ खाऊन जमेल तेवढा नेला. ‘एकशेदहा, मॅम.’

मागे उभ्या असलेल्या मॅडम काही बोलल्या नाहीत. पुढे येऊन त्यांनी माझ्या पाठीवरचा खांद्याचा फरा तळव्याने घट्ट दाबून धरला. ‘आता पुन्हा.’ हात सत्तरलाच थांबला. ‘मग वरचे चाळीस कुणाचे?’ त्यांनी विद्यार्थिनीला विचारलं. ते फऱ्याचे होते. त्या चाळीसांत खांद्याचा सांधा हललाच नव्हता. फरा त्याची लबाडी झाकत होता.

ओपीडीतल्या बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या माणसाला विचार करायला भरपूर वेळ असतो. हे तळवा ठेवणं मॅडमना कुणी शिकवलं असेल? आणि त्या शिकवणाऱ्याला? डॉक्टरांची गुरुपरंपरा आपण ऐकलेली असते. फिजिओथेरपीच्या मास्तरांचा आदिपुरुष कोण, हे मला माहीत नव्हतं. शोधत गेलो तर तो निघाला तलवारबाज.

पेर हेन्रिक लिंग हा स्वीडनचा, जन्म 1776 चा. कविता करायचा. कोपनहेगनमध्ये तलवारबाजी शिकला आणि त्या सरावाने आपला दुखरा हात बरा झाला असं त्याच्या लक्षात आलं. 1805 मध्ये तो लुंड विद्यापीठात तलवारबाजीचा मास्तर झाला, आणि 1813 मध्ये स्टॉकहोमला व्यायामविद्येची शाही संस्था त्याच्या पुढाकाराने उभी राहिली. तिथे लष्करी कवायत, शाळेतला व्यायाम आणि आजाऱ्यांचा व्यायाम हे सगळं एकाच छपराखाली शिकवलं जाई. स्वीडनमध्ये फिजिओथेरपिस्टला 2014 पर्यंत कायद्याने जे नाव होतं त्याचा अर्थ ‘आजाऱ्यांचा व्यायामशिक्षक’ असाच होतो. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम याच संस्थेतून 1919 मध्ये बाहेर पडली आणि 1928 मध्ये न्यूयॉर्कला पोचली. अर्धांगवायूतून सावरताना हातपाय कोणत्या क्रमाने परत येतात, याच्या तिने मांडलेल्या पायऱ्या आपल्याकडची पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री आजही घोकतात.

अमेरिकेतली सुरुवातही आखाड्यातूनच झाली, फक्त तिथला आखाडा बायकांचा होता. मेरी मॅकमिलन मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मली, लिव्हरपूलला वाढली आणि शारीरिक शिक्षण शिकली. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे हातपाय पुन्हा चालते करायला माणसं हवी होती. 1918 मध्ये तिला वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात नेमलं आणि मग ओरेगनच्या रीड कॉलेजात तिने अशा मदतनीस बायकांच्या तुकड्या तयार केल्या. 1921 मध्ये मॅनहॅटनच्या एका खाणावळीत तीसेक जणींनी जमून संघटना काढली. पहिली अध्यक्ष अर्थात मॅकमिलन. पुढे ती पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला गेली आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत पडली. मुलाखत घ्यायला बसलेल्या विभागप्रमुखाने असा बायोडेटा पाहिला तर आधी चष्मा पुसेल. 1928 मध्ये या शिक्षणाचा किमान अभ्यासक्रम ठरला तोसुद्धा नऊ महिने आणि 1200 तासांचा. प्रवेश कुणाला, तर व्यायामशिक्षण किंवा नर्सिंग शिकून आलेल्यांना. म्हणजे आधी दुसरं काहीतरी होऊन यायचं, मगच इथे शिरायचं.

दुसरीकडे पोलिओ होताच. पोलिओ स्नायू निवडून मारतो. एक जातो आणि शेजारचा शाबूत राहतो. कोणता स्नायू किती उरलाय हे हाताने चाचपून, शून्य ते पाच अशा श्रेणीत लिहिणं ही या विद्येची बाराखडी झाली. श्रेणी तीन म्हणजे पृथ्वीच्या ओढीविरुद्ध अवयव स्वतः उचलता येतो. दोन म्हणजे ओढ काढून घेतली, आडवं झोपवलं, तरच हलतो. दोन आणि तीनच्या मधलं अंतर मुलाच्या आईला विचारावं. ही पद्धत 1912 मध्ये प्रथम छापून आणली विल्हेल्माइन राइट हिने. बॉस्टनमधल्या अस्थितज्ज्ञ लव्हेट यांच्याकडे ती सहायक होती. पुढे 1946 मध्ये डॅनिएल्स, विल्यम्स आणि वर्दिंगहॅम या तिघींचं स्नायूतपासणीचं पुस्तक आलं, ज्याला आपल्या कॉलेजांत नुसतं ‘डॅनिएल्स’ म्हणतात. तिघींतली कॅथरीन वर्दिंगहॅम हिने 1935 मध्ये स्टॅनफर्डमधून शरीररचनाशास्त्रात पीएचडी केली होती. फिजिओथेरपिस्टने पीएचडी करायची ती पहिली वेळ मानतात. फिजिओथेरपीत अशी पदवीच नव्हती, म्हणून दुसऱ्याच्या दारातून जावं लागलं.

हे दुसऱ्याचं दार कुठे सगळ्यात स्वच्छ दिसतं, तर लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात. तिथला फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम 1945 चा. त्या विद्यापीठात शिकवून गेलेल्यांची पूर्वायुष्यं शेजारी शेजारी मांडली की गंमत कळते. मार्गारेट रूड ऑक्युपेशनल थेरपिस्टही होती आणि फिजिओथेरपिस्टही. त्वचेवर ब्रश किंवा बर्फ फिरवून स्नायूला जागं करण्याची तिची पद्धत या दोन्ही घरांतल्या वावरातून आली. हेलन हिस्लॉप शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी करून आली. 1967 मध्ये जेम्स पेराइन यांच्याबरोबर तिने व्यायामाची एक नवी कल्पना मांडली: वेग ठरलेला, जोर मात्र माणसाच्या ताकदीप्रमाणे कमी-जास्त. त्यावर आधारलेली यंत्रं आज क्रिकेटपटूंचे गुडघे तपासतात. 1975 मध्ये ती विभागप्रमुख झाली. त्याच वर्षी मॅकमिलनच्या नावाच्या व्याख्यानात तिने आपल्या व्यवसायाला खडसावलं: तुमचं स्वतःचं शास्त्र कोणतं ते सांगा. बिघडलेल्या हालचालीचं शास्त्र, हे तिचं उत्तर. दुसऱ्यांच्या दारातून आलेल्या बाईने आपलं दार कोरायला घेतलं ते असं.

पण मला या सगळ्यांत वळशाची राणी वाटते ती जॅकलिन पेरी. तिचं शिक्षण आधी व्यायामशिक्षणाचं. मग ती लष्करात फिजिओथेरपिस्ट झाली आणि युद्धकाळात सैनिक आणि पोलिओचे रोगी पाहिले. युद्ध संपल्यावर वैद्यकशास्त्र शिकली, 1950 मध्ये डॉक्टर झाली आणि पुढे अस्थिशल्यविशारद. अमेरिकेत हा मान मिळालेल्या पहिल्या मोजक्या बायकांत ती होती. लॉस एंजेलिसजवळच्या रांचो लॉस आमिगोस रुग्णालयात पोलिओने मानेतला जोर गेलेल्यांसाठी तिने आणि व्हर्नन निकल यांनी ‘हेलो’ नावाची कवटीला बसवायची कडी काढली. आणि मग तिच्याच शरीराने दगा दिला. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीच्या दुखण्याने मान वळवली की चक्कर येऊ लागली. शस्त्रक्रिया थांबली.

ती चाल बघायला लागली. माणूस चालतो म्हणजे नेमकं काय करतो? पेरी आणि रांचोतल्या थेरपिस्टांनी एका पावलाचे आठ टप्पे पाडले. टाच टेकते, वजन येतं, शरीर पायावरून पुढे सरकतं, टाच उचलते, पाय सुटायची तयारी करतो आणि मग हवेतले तीन टप्पे. कोणत्या क्षणी कोणता स्नायू काम करतो हे टिपायला केसाएवढ्या तारा स्नायूत घालून विजेची नोंद घेतली. तिचा चालीवरचा ग्रंथ 1992 मध्ये निघाला. व्यायामशिक्षिकेची नजर, थेरपिस्टचा हात आणि सर्जनचं हाडांचं ज्ञान, यांतलं एक जरी वजा केलं तरी ते पुस्तक होत नाही. सदर्न कॅलिफोर्नियात ती अस्थिविभागातही शिकवायची आणि फिजिओथेरपीतही. हिस्लॉप आणि पेरी, दोघीही 2013 मध्ये गेल्या.

आता अमेरिकेत थेट फिजिओथेरपीत डॉक्टरेट करूनच व्यवसायात उतरावं लागतं. पहिला असा अभ्यासक्रम क्रेटन विद्यापीठाने 1993 मध्ये काढला. प्राध्यापकांच्या नावापुढे पीटी, डीपीटी, पीएचडी आणि विशेषज्ञतेची आणखी तीन अक्षरं अशी आगगाडी असते. मान्यता देणारी संस्था पाहते की मुख्य अध्यापकांपैकी निम्म्यांकडे तरी संशोधनाची डॉक्टरेट असावी. याला नाकं मुरडणारे आहेत: प्रयोगशाळेतून आलेल्याला रोग्याचा खांदा काय कळणार? मला ही तक्रार अर्धीच पटते. सदर्न कॅलिफोर्नियाच्याच कॅरोली विन्स्टाइन यांनी पक्षाघातानंतर हाताकडून नेटाने रोजची कामं करून घ्यायच्या पद्धतीची चाचणी 361 रोग्यांवर घेतली. 2016 मध्ये निकाल छापला: नेहमीच्या उपचारांपेक्षा ही पद्धत सरस ठरली नाही. आपल्याच लाडक्या कल्पनेविरुद्ध असं लिहायला नुसता हात पुरत नाही.

आपल्याकडची सुरुवातही वळशाचीच. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएममध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा निघाली. देशातली ती पहिली. तिच्याही आधी, 1950 मध्ये, त्याच केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली कमला निंबकरांनी. मूळच्या त्या एलिझाबेथ लुंडी, क्वेकर पंथाच्या अमेरिकन घरातल्या. निंबकरांच्या घरी सून म्हणून आल्या, कमला झाल्या आणि चाळिशी उलटल्यावर फिलाडेल्फियाला जाऊन हा विषय शिकून परत आल्या. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे. त्या पिढीतल्या शिक्षकांना ‘तुमचा मूळ विषय कोणता?’ असं विचारलं की लांबलचक गोष्ट ऐकायला मिळायची.

आज विचारलं तर एका ओळीत संपतं. आधी बीपीटी ही पदवी, लगेच दोन वर्षं एमपीटी ही पदव्युत्तर, लगेच सहायक प्राध्यापक. कुणी काही वर्षं दवाखाना चालवून, खेळाडूंबरोबर फिरून, गावातल्या अपंग मुलांत राहून शिकवायला येत नाही असं नाही, पण ती वर्षं पगाराच्या पायरीत कुठे बसवायची हा कारकुनाला पडलेला प्रश्न असतो.

शेवटच्या दिवशी मी ओपीडीतल्या मॅडमना विचारलंच. त्या हसल्या. कॉलेजात खो-खो खेळायच्या, जिल्ह्याच्या संघात होत्या. गुडघा गेला, फिजिओकडे जावं लागलं, तिथेच मन बसलं. नंतर नऊ वर्षं एका लहानशा शहरात स्वतःचा दवाखाना. ‘फऱ्यावर हात ठेवायला तिथे शिकले. पेशंट परत आला की कळतं, आपण काय बघितलंच नव्हतं.’

माझा हात आता फरा धरूनही पहिल्या दिवसापेक्षा बराच वर जात होता. केसपेपर घेतला, आभार मानले आणि दाराकडे निघालो. मागून त्यांचा आवाज आला, पण तो मला उद्देशून नव्हता. ‘खांदा राहू दे. काकांची डावी टाच बघा. किती वेळ टेकते?’

मी जागच्या जागी थबकलो. ‘काका, थांबू नका ना,’ विद्यार्थिनी वही उघडत म्हणाली, ‘चाला.’