चाक, तुंबा आणि आस यांचा मेळ

आपल्या घरांतील मुलेमुली अलीकडे लहानसहान यंत्रमानव तयार करू लागली आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या अटल नवप्रवर्तन मिशनाखाली अनेक शाळांतून प्रयोगशाळा निघाल्या आणि हा छंद शाळेतून घरात आला. सामानाची यादी अर्थातच वडीलधाऱ्यांच्या हाती पडते. मोटार आणि बॅटरी यांची आपण चार ठिकाणी चौकशी करतो; चाक मात्र देखणे पाहून उचलतो. धान्याची वानगी पाहिल्यावाचून पोते न घेणाऱ्या व्यापाऱ्याने असे करावे, हे नवलच होय.

बैलगाडीच्या चाकात मधोमध जो लाकडी तुंबा असतो, त्याचेच काम येथे ‘हब’ करतो. परंतु एक मोठा भेद ध्यानी घ्यावा. गाडीचा आस स्थिर असतो व चाक त्याच्याभोवती फिरते. म्हणून तेथे तुंब्यात थोडी सैल जागा व वंगण हवे. यंत्रमानवात मोटारीचा आसच फिरतो आणि चाकास आपल्यासवे फिरवितो. येथे केसभर सैलपणाही घातक ठरतो. सबब आधी आस मोजावा, मग त्यास जुळणारा तुंबा घ्यावा आणि शेवटी तुंब्यावर बसेल असे चाक पाहावे.

बाजारात ‘बी.ओ. मोटार’ या नावाने मिळणाऱ्या पिवळ्या डब्याच्या स्वस्त मोटारीचा आस प्लॅस्टिकचा व दोन बाजूंनी चपटा असतो. तिच्याकरिता ६५ मि.मी. व्यासाची, तशाच आकाराच्या भोकाची चाके तयार मिळतात. ती नुसती दाबून बसतात, वेगळा तुंबा लागत नाही. नवशिक्या मुलास हीच जोडी द्यावी. एन-२० नावाच्या चिमुकल्या मोटारीचा आस बहुधा ३ मि.मी., २५ मि.मी. व्यासाच्या मोटारीचा ४ मि.मी., तर ३७ मि.मी.च्या दणकट मोटारीचा ६ मि.मी. असतो. या आसांची एक बाजू इंग्रजी ‘डी’ अक्षराप्रमाणे सपाट घासलेली असते. तुंब्यातील ग्रब स्क्रू, म्हणजे डोके नसलेला बारीक स्क्रू, नेमका त्या सपाटीवर आवळावा. गोल भागावर आवळला तर तो घसरतो. सर्व्हो मोटारीच्या आसाला बारीक दाते असतात, कोठे २५ तर कोठे २४. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाचा तुंबा दुसऱ्यावर बसत नाही.

मापांच्या घोटाळ्याविषयी अधिक लिहिणे भाग आहे. १९५८ च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे दशमान वजने येऊ लागली, तेव्हा आमच्या वडिलांच्या पिढीने शेर आणि किलो एकाच दुकानात शेजारी पाहिले. यंत्रमानवाच्या सामानात तसा दुहेरी कारभार अद्याप आहे. पाव इंच म्हणजे ६.३५ मि.मी. माझ्या नातवास एका दुकानदाराने ६ मि.मी.च्या आसाकरिता पाव इंचाचे तुंबे ‘चालतात’ म्हणून दिले. स्क्रू आवळताच आस एका अंगास दाबला गेला, चाके डुलू लागली व गाडी सरळ रेषेत जाईना. दोष तुंब्याचा, पण त्या पोराने आपलाच प्रोग्रॅम चुकला असे समजून तीन रात्री तो तपासण्यात घालविल्या. सातआठ दशांश मिलिमीटर असते तर डोळ्यांनी कळले असते. पस्तीस शतांश कळत नाहीत. म्हणून घरात एक व्हर्नियर कॅलिपर असावा. त्याची किंमत वाया गेलेल्या सामानापुढे काहीच नाही.

तुंब्याची दुसरी बाजू चाकास जुळावी लागते. खेळातील मोटारगाड्यांच्या पुष्कळशा चाकांस १२ मि.मी.चा षट्कोनी तुंबा लागतो. चकतीसारख्या तुंब्यास स्क्रूंची भोके असतात. त्यांची संख्या, जाडी व ती ज्या वर्तुळावर पाडली आहेत त्याचा व्यास, ही तिन्ही चाकाशी मिळाली पाहिजेत.

आता आकार. मिनिटास १०० फेरे घेणाऱ्या मोटारीवर ६५ मि.मी.चे चाक सुमारे २० मीटर जाते, १३० मि.मी.चे सुमारे ४० मीटर. हा नफा फुकटचा नव्हे. मोटारीची ताकद १ किलो-सेंटिमीटर धरली, तर पहिले चाक जमिनीवर सुमारे ३०० ग्रॅमचा रेटा देते, दुसरे केवळ दीडशेचा. तागडीची दांडी लांब केल्यासारखेच हे आहे. शिवाय विक्रेत्याने छापलेला आकडा बहुधा मोटार अडकून थांबते त्या क्षणाचा असतो. हिशेब त्याच्या चतुर्थांशावरच धरावा.

चाक गिअरच्या डब्याच्या जितके जवळ बसेल तितका आसावरील भार सुसह्य होतो. हातोडीने ठोकून ते कधीही बसवू नये, आतील दाते तुटतात. आणि काहीच जुळेना, तर आपल्या बेळगावात उद्यमबागेतील एखाद्या लेथवाल्याकडून पितळेचा वा अ‍ॅल्युमिनियमचा तुंबा घडवून घेता येतो. मात्र त्याच्याकडे जाताना मोटार आणि चाक दोन्ही बरोबर न्यावीत, माप तोंडी सांगू नये.