पाखरांचा वाटा

अन्नाचा एक वाटा पशुपक्ष्यांसाठी बाजूस काढण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. गृहस्थाला सांगितलेल्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञाची गणना होते, ती याच भावनेने. गुजरातेतील गावोगावचे चबुतरे हे त्या भावनेचे लाकडात आणि दगडात उभारलेले रूप होय. परंतु दान कितीही सद्भावनेने केले, तरी ते घेणाऱ्याला मानवते की नाही, हे पाहावयास हवे. पक्ष्यांच्या बाबतीत हा विवेक बहुधा सुटतो.

शहरातील चौकात किंवा गच्चीवर धान्य ओतले, की त्यावर प्रथम उतरतात ते पारवे. पारव्याचे वजन सुमारे 300 ग्रॅम. चिमणी भरते त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी. अशा पंगतीत तिला जागा कोठून मिळणार? शिवाय थव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेल्यास काही माणसांच्या फुफ्फुसांना सूज येते. 2025 साली मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा श्रद्धा आणि आरोग्य यांच्यामधील हा झगडा चव्हाट्यावर आला. मग पाखरांना दाणा घालूच नये काय? तसे नाही. दाणा ओतण्याऐवजी तो टांगावा, एवढाच फरक करावयाचा आहे.

ही युक्ती नवी नाही. ओडिशात भाताच्या लोंब्या विणून त्यांचे झुबके घरात व दाराशी टांगतात. कोकणात नव्याच्या वेळी दाराला बांधलेल्या लोंब्यांवर चिमण्यांचा डोळा असतोच. दूरच्या नॉर्वे-स्वीडनमध्येही नाताळच्या सुमारास, जमीन बर्फाखाली असताना, ओटची पेंढी काठीला बांधून अंगणात उभी करतात. झुलत्या कणसाला बिलगून दाणे सोलणे चिमणी, मुनिया आणि सुगरण यांना सहज साधते. जड अंगाच्या पारव्याला तेथे पाय रोवता येत नाहीत. बाजरीची किंवा राळ्याची पाच-सहा कणसे देठाशी सुतळीने बांधून टांगली, की काम झाले.

कणसे न मिळतील तेथे घरच्या घरी दाण्याची वडी करता येते. तीन चमचे कणीक पाऊण वाटी पाण्यात कालवून, शिजवून तिची दाट खळ करावी. ती निवल्यावर तीत बाजरी, राळे, नाचणी असे दोन वाट्या बारीक धान्य मिसळावे. नारळाच्या अर्ध्या करवंटीला कडेशी भोके पाडून दोरी ओवावी, तीत हे मिश्रण दाबून भरावे व दोन-तीन दिवस कडक उन्हात खडखडीत वाळवावे. मग करवंटी कलती टांगावी. थंड देशांत असे दाणे चरबीत थिजवितात; आपल्याकडील उन्हात चरबी वितळते, खवट होते आणि पिसांना चिकटून ती खराब करते. म्हणून ती कृती आपण उचलू नये.

काही पथ्येही आहेत. मीठ, तिखट किंवा तळलेले पदार्थ मिश्रणात घालू नयेत. बुरशी आलेले शेंगदाणे तर विषासमान, कारण त्या बुरशीचे विष पक्ष्यांच्या यकृतावर घाला घालते. पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे कदापि वापरू नये. करवंटी मांजराच्या उडीपलीकडे आणि सावलीत असावी. पावसाळ्यात ओले धान्य लवकर बुरसते. त्या दिवसांत ती टांगू नये, हेच बरे. एक-दोन दिवसांत संपेल इतकेच खाद्य ठेवावे आणि करवंटी पुन्हा भरण्यापूर्वी घासून वाळवावी. एका आजारी पाखराची बाधा इतरांस होते ती अशाच मळक्या भांड्यांतून. जवळच पाण्याचे उथळ परळ असावे व त्यातील पाणी रोज बदलावे.

इतके करूनही एक गोष्ट दाण्याने साधत नाही. चिमणी स्वतः दाणे टिपते. पण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांना ती मुख्यतः अळ्या आणि किडे भरविते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात असे आढळले, की देशभरातील चिमण्यांची एकूण संख्या साधारणतः टिकून आहे; मात्र मोठ्या महानगरांत ती घटली आहे. महानगरांत दाण्यांची वाण नाही. उणीव आहे ती घरट्याजोग्या खबदाडांची आणि किडे पोसणाऱ्या झाडोऱ्याची. म्हणून करवंटीबरोबरच कुंपणाला मेंदीची किंवा जास्वंदीची दाट रांग असावी, आणि तिच्यावर कीटकनाशकाची फवारणी करू नये. पानांवर अळ्या दिसल्या, तरी त्या झटकून टाकण्याची घाई नको. तो पिलांचा वाटा आहे.