पीळ सुटतो तेव्हा

१० मे २०२४, सकाळचे साडेसात. पुण्यात गच्ची तापायच्या आत सूर्याचे डाग कागदावर काढून घ्यावे लागतात. उशीर झाला की हवा थरथरते आणि बिंबाची कड उकळी आल्यासारखी हलते. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, मागे पांढरा कागद धरायचा. माझ्या कागदावर पंधरा सेंटिमीटरचा सूर्य पडतो. त्या मापात आपली पृथ्वी जेमतेम दीड मिलिमीटरची. १३६६४ क्रमांकाचा डागसमूह मात्र तब्बल दोन सेंटिमीटर पसरला होता.

एरवीचा डाग सोपा. मध्ये काळं, भोवती करडी झालर. हा पेन्सिलीला आवरेना. एकाच झालरीत काळ्या डागांची दाटी, कुठला कुठे संपतो कळेना. खाली येऊन नासाच्या एसडीओ यानाचं चुंबकीय चित्र उघडलं. त्यात एक ध्रुव पांढरा, दुसरा काळा दिसतो. इथे दोन्ही एकमेकांत घुसले होते.

सूर्य घन नाही. विषुववृत्तापाशी तो सुमारे २५ दिवसांत फिरतो, ध्रुवांकडे जवळपास ३५. त्या ओढाताणीत आतल्या चुंबकीय रेषांना पीळ बसतो. जिथे त्यांचे वेढे पृष्ठभाग फोडून वर येतात, तिथे खालची उष्णता अडते. ती जागा थंड, म्हणून काळी. निव्वळ आकाराला मी भीत नाही. मोठे, पण साधे डाग गुमान पलीकडे निघून जातात. विरुद्ध ध्रुव असे चेपले गेले, की रेषा तुटून नव्याने जुळतात आणि साठलेली ऊर्जा ज्वाला होऊन मिनिटांत बाहेर पडते. कधी पिळलेला अख्खा वेढाच अब्जावधी टन द्रव्य घेऊन निसटतो. आपल्याकडे सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तिथे पीळ जातो तेव्हाच जाळ होतो.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन असाच डाग काढत होता. अचानक दोन लखलखीत ठिपके दिसले. तो साक्षीदार आणायला धावला. मिनिटभरात परतला, तर तेज ओसरलेलं. (मी चहा गच्चीवरच मागवतो. तरी मला अजून काही दिसलेलं नाही.)

१० मेच्या सकाळी मी पेन्सिलीला टोक काढत होतो तेव्हा आधीच्या दोन दिवसांत त्या समूहातून निघालेले द्रव्याचे ढग वाटेत होते. त्याच रात्री ते पृथ्वीवर आदळले. लडाखमध्ये हानलेचं आकाश तांबडं झालं. पुण्यात काहीच नाही.

१४ मेच्या कागदावर पश्चिम कडेला नुसती एक बारीक रेघ आहे. त्या रात्री १० वाजून २१ मिनिटांनी तिथूनच त्या समूहाची पृथ्वीवरून दिसलेली सर्वांत मोठी ज्वाला उठली. माझी दुर्बीण कपाटात होती.