वकिलाशिवाय कुटुंब न्यायालयात अर्ज : लखनौमधील पोटगीचे उदाहरण

कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 13 नुसार या न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाने परवानगी दिली तरच वकील उभा राहतो. व्यवहारात ही परवानगी सर्रास मिळते, त्यामुळे वकिलाशिवाय अर्ज होतच नाही असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. या पाठात एकच अर्ज पाहू : लखनौत राहणाऱ्या, स्वतःची मिळकत नसलेल्या आईने पतीकडून पोटगी मागण्याचा. घरात लिहिता-वाचता येणारे तुम्हीच असाल, तर तो लिहिण्याचे काम तुमच्याकडेच येईल.

1 जुलै 2024 पासून जुन्या कलम 125 च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 लागू आहे. पत्नी जिथे राहते तिथे अर्ज करता येतो. लग्न साताऱ्यात झाले असले तरी लखनौत चालते. आई नागपूरला माहेरी राहायला गेली असेल तर नागपुरात. लखनौत अर्ज हिंदीत लिहावा. तिथे पोटगीला 'भरण-पोषण', प्रतिज्ञापत्राला 'शपथपत्र' आणि सामनेवाल्याला 'विपक्षी' म्हणतात.

अर्जात लग्नाची तारीख, वेगळे राहण्याचे कारण, पतीचे उत्पन्न, आईचा दरमहा खर्च आणि मागणीची रक्कम क्रमांकित परिच्छेदांत लिहा. एका परिच्छेदात एकच गोष्ट असावी. शेवटी सत्यापन येते : कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीचे आणि कोणते इतरांकडून कळलेले, हे क्रमांकानिशी सांगायचे. पतीचा पत्ता आणि नोकरीचे ठिकाण नीट तपासा. नोटीस बजावली गेली नाही तर अर्ज जागचा हलत नाही.

खरी मेहनत शपथपत्राची आहे. 'रजनेश विरुद्ध नेहा' या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी उघड करणारे शपथपत्र सक्तीचे केले, आणि त्याचा नमुनाही निकालाला जोडला. त्यात जोडीदाराच्या उत्पन्नाबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे ते लिहिण्याचा वेगळा भाग आहे. बहुतेक लोक तो रिकामा सोडतात. मला ते फार महागाचे वाटते. दुकान कुठे आहे, गाडी कोणती, गावाकडे जमीन किती, भाडे येते का, कर्जाचा हप्ता कोणत्या बँकेत जातो, हे आईला माहीत असतेच. फक्त ते 'पुरावा' आहे हे तिला माहीत नसते. तिच्याजवळ बसून एकेक विचारा. आईने शिवणकामातून थोडे मिळवले असेल तर तेही लिहा, कारण लपवलेले उघडे पडले की सगळ्या कागदांवरचा विश्वास जातो आणि खोट्या शपथेबद्दल कारवाई होऊ शकते.

मुलांसाठीही मागता येते, पण वयाची अट पाहा. कलम 144 खाली सज्ञान, धडधाकट मुलाला पोटगी नाही. हिंदू अविवाहित मुलीला मात्र 1956 च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 20 खाली सज्ञान झाल्यावरही वडिलांकडे मागता येते. त्यासाठी दावा वेगळा.

कार्यालयात मुन्सरिम कागद तपासतो आणि त्रुटी काढतो. त्रुटी निघाली म्हणजे अर्ज फेटाळला असे नव्हे. ती दुरुस्त करून द्यायची. दाखल झाल्यावर 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक लिहून घ्या, पुढच्या तारखा ई-कोर्ट्स ॲपवर दिसतात. अंतरिम पोटगीचा अर्ज सोबतच द्या; नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असे कायदा सांगतो. सुनावणीत बोलायचे आईनेच.

प्रकरण गुंतागुंतीचे वाटले, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, दूरध्वनी 15100.

आदेशानंतर पैसे थकले तर थांबू नका. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. त्यासाठी दर महिन्याची जमा-थकबाकी तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि बँकेचे पासबुक भरून घेत राहा.