रिपोर्ट नॉर्मल, मग आजार कुठला?

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये अक्कलकोट-मंगळवेढ्यापासून विजयपूर-कलबुर्गीपर्यंतचे पेशंट येतात. तरुण मुलगी असंबद्ध बोलायला लागली, झटके आले, की घरचे म्हणतात ‘बाहेरचं झालंय’. रिपोर्ट नॉर्मल आले की तोच आजार ‘हिस्टेरिया’ होतो, आणि शेजारी म्हणतात ‘नाटकं करते’. गेल्या साठ वर्षांत हे शिक्के एकेक करून तपासले गेले.

१९६५ साली लंडनच्या एलियट स्लेटर यांनी हिस्टेरिया ठरवलेल्या ८५ रुग्णांचा पाठपुरावा केला. अनेकांना पुढे दुसरेच आजार निघाले.

२००७ मध्ये जोसेप दालमाऊ यांच्या गटाने एनएमडीए रिसेप्टरविरोधी एन्सेफलायटिस या मेंदूच्या दाहाची ओळख पटवली. या ऑटोइम्यून आजारात शरीराच्याच अँटिबॉडी मेंदूवर उलटतात. तरुण स्त्रियांमध्ये काही वेळा मूळ अंडाशयातल्या गाठीत असतं. निम्म्याहून अधिक रुग्णांचा एमआरआय नॉर्मल येतो. सुरुवातीला ताप-डोकेदुखी, मग काही आठवड्यांतच भास, निद्रानाश, वाचा बसणं, तोंडाच्या विचित्र हालचाली, नाडी-बीपीचे चढउतार अशी साखळी दिसली, तर ईईजी आणि पाठीतलं पाणी तपासायलाच हवं. ५७७ रुग्णांच्या २०१३ मधल्या अभ्यासात दोन वर्षांपर्यंत माहिती मिळालेल्यांपैकी ८१ टक्के चांगले सावरले होते. लवकर उपचारांचा फायदा स्पष्ट होता.

त्याच वर्षी मानसिक आजारांच्या निदानाच्या डीएसएम-५ या नियमावलीने, पूर्वी हिस्टेरिया म्हटल्या जाणाऱ्या फंक्शनल आजाराचं निदानही बदललं. तपासण्यांत काही सापडलं नाही, एवढ्यावर ते करायचं नाही. ठोस खुणा हव्यात. हूव्हरची खूण १९०८ पासूनची: लुळा वाटणारा पाय सांगून खाली दाबता येत नाही, पण दुसरा पाय जोर लावून उचलताना तोच आपोआप दाबला जातो. हे सोंग नव्हे. आजार खरा असतो; फिजिओथेरपी आणि मानसोपचारांचा उपयोग होतो.

पुढे चूक उलट्या बाजूनेही झाली. ऑटोइम्यून एन्सेफलायटिसचं चुकीचं निदान झालेल्या १०७ जणांच्या अभ्यासात सर्वाधिक, म्हणजे चौथा हिस्सा, फंक्शनल आजाराचे निघाले. रक्तातल्या अँटिबॉडीच्या पुसट पॉझिटिव्ह रिपोर्टवर विसंबलं, की स्टिरॉइडचे दुष्परिणाम फुकट पदरी पडतात.

जिल्ह्याच्या ठिकाणी ऑटोइम्यून एन्सेफलायटिसच्या निदानाचे २०१६ चे निकष म्हणूनच मोलाचे. अँटिबॉडीचा रिपोर्ट यायला दिवस लागतात. लक्षणं, ईईजी, एमआरआय आणि पाठीतल्या पाण्यातल्या पेशी यांवरून संशय बळावला आणि जंतुसंसर्गासारखी कारणं वगळली, की त्या रिपोर्टआधीही उपचार सुरू करता येतात.