गढूळ, दूषित आणि विटाळ

जुलैत रावेतच्या बंधाऱ्यावर उभं राहिलं की पवना नदी चहाच्या रंगाची दिसते. शेजारचं कुणीतरी हमखास म्हणतं, ''केवढं प्रदूषण झालंय बघा!'' मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे गप्प राहवत नाही. ते पाणी गढूळ असतं. मावळातली माती पावसाबरोबर वाहून येते. तिचे कण इतके बारीक, की एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. तुरटी फिरवली की त्यांचे गोळे होतात आणि गाळ तळाशी बसतो. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच रावेतपर्यंत येतं, इथून महापालिका ते उचलून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेते, आणि तिथंही आधी गाळच बसवावा लागतो.

दूषित पाण्याची गोष्ट वेगळी. ते दिसायला नितळ असू शकतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पवनेचा रावेत ते दापोडी हा पट्टा आहे. अशा पाण्याची परीक्षा डोळ्यांनी होत नाही. नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात आणि त्यातल्या जिवाणूंनी घाण कुजवताना किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजतात. आंघोळीच्या पाण्यात हा आकडा लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंतच चालतो. त्यापुढे गेला की माशांच्या वाट्याचा श्वास कमी होऊ लागतो.

दोष, दुष्ट, दूषण, दूषित हे सगळे शब्द 'दुष्' या एकाच धातूचे, म्हणजे बिघडणं. १९७४ च्या जल कायद्यातली प्रदूषणाची व्याख्या मला फार शहाणी वाटते. अपाय झालाच पाहिजे असं ती म्हणत नाही, अपाय होण्याचा संभव पुरे. आपली बोलीही कमी नाही. सांडपाणी, मैलापाणी, कारखान्याचं पाणी... नाव घेतलं की घाण कुठून आली ते कळतं. 'प्रदूषण' या शब्दात मात्र करणारा दडून बसतो.

आणि एक शब्द आपण सोयीनं विसरतो, विटाळ. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यावर सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं, शेण, गोमूत्र, दूध आणि दही ओतून! त्या तळ्यावर जनावरांना कधी बंदी नव्हती. माणसाच्या ओंजळीनं पाण्याचा एक थेंबही बिघडला नव्हता; बिघडवलं ते शुद्ध करणाऱ्यांनी. तळ्यावरच्या हक्काचा खटला नऊ वर्षांहून अधिक चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला. खोटा विटाळ धुवायला एवढी धावपळ करणारा समाज खऱ्या मैल्याकडे वर्षानुवर्षं पाठ फिरवतो, याचा मला संताप येतो.

म्हणून पवनेकाठच्या सगळ्यांना विनंती आहे. तक्रार करताना 'नदीत प्रदूषण आहे' एवढंच लिहू नका. फेस, वास, रंग, तेलाचा तवंग, मेलेले मासे, जे दिसेल ते नावानिशी लिहा. कोणत्या नाल्याच्या तोंडाशी, किती वाजता, तेही लिहा आणि फोटो जोडा.