ओळखीच्या माणसाचा अनोळखी निरोप

अकोल्याच्या जुने शहरात हल्ली एक दृश्य बऱ्याच घरांत दिसते. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेला मुलगा सुटीत येतो. स्वतःचा जुना स्मार्टफोन आई-वडिलांच्या हातात ठेवतो, व्हॉट्सॲप, यूट्यूब, फेसबुक सुरू करून देतो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो. फोन कसा लावायचा, फोटो कसा पाठवायचा हे शिकवायला दहा मिनिटे पुरतात. त्यावर जे येते त्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे शिकवायला मात्र कोणी थांबत नाही.

मोबाईलवरच्या मजकुराची किंमत किती मोठी असू शकते, हे जुने शहराला वेगळे सांगायला नको. १३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरच्या एका वादग्रस्त मजकुरावरून येथे दोन गट समोरासमोर आले. दगडफेक झाली, वाहने जळाली, पोलिसांसह अनेक जण जखमी झाले आणि एकाचा जीव गेला. शहराच्या काही भागांत जमावबंदी लागू करावी लागली. त्याच्या पाच वर्षे आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले होते. ती अफवाही मोबाईलवरूनच फिरत होती.

मग नवख्याने या माध्यमापासून दूरच राहावे का? तसे म्हणणे सोपे आहे, पण शहाणपणाचे नाही. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाने जमावबंदीचे आदेश काढले. या वेळी कारण दंगल नव्हते, उन्हाची लाट होती. कामगारांना पिण्याचे पाणी, सावली आणि पंखे द्यावेत, शिकवणी वर्गांच्या वेळा बदलाव्यात, अशा सूचना त्यात होत्या. अशी माहिती वेळेवर हातात पडली तर एखाद्याचा उष्माघात टळू शकतो. एकाच शहरात, एक वर्षाच्या अंतराने, एकाच फोनवर जीव घेणारा मजकूर येऊ शकतो आणि जीव वाचवणाराही. प्रश्न फोन वापरावा की नाही हा नाही. आलेला निरोप कसा वाचावा, हा आहे.

दवंडी आणि फॉरवर्ड

पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. दवंडी देणारा कोण, त्याला कोणी पाठवले, हे सगळ्यांना ठाऊक असे. निरोप खोटा निघाला तर दुसऱ्या दिवशी त्याला विचारता येत असे. पानठेल्यावर कोणी बातमी सांगितली, तरी तो माणूस कितपत फेकतो याचा अंदाज ऐकणाऱ्याला असे. माणसाचा मेंदू याच पद्धतीला सरावलेला आहे. सांगणारा विश्वासाचा असेल, तर सांगितलेलेही विश्वासाचे मानायचे.

व्हॉट्सॲपवर ही पद्धत फसते. मजकूर पाठवणारा असतो साडू, शेजारी किंवा भिशीतली मैत्रीण. पण तो लिहिणारा कोण, कुठला, कधीचा, याचा पत्ता नसतो. साडू खोटे बोलत नाही हे खरे, पण तो मजकूर साडूचा नसतोच. ओळखीच्या माणसावरचा विश्वास अनोळखी मजकुराला आयता मिळतो. नवख्या माणसाची फसगत येथेच होते. त्यात बुद्धी कमी असण्याचा काही संबंध नाही. आयुष्यभर कामी आलेली सवय नव्या जागी चुकीची ठरते, एवढेच.

नवखेपणाचा आणि वयाचा संबंधही संशोधकांनी तपासला आहे. अमेरिकेतील २०१६ च्या निवडणुकीच्या काळात फेसबुकवर कोणी काय पसरवले, याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६५ वर्षांवरील लोकांनी सर्वांत तरुण गटाच्या तुलनेत जवळपास सातपट अधिक खोट्या बातम्यांचे दुवे पुढे पाठवले होते. या वयात माध्यमाशी ओळख उशिरा झालेली असते, हे त्यामागचे एक संभाव्य कारण संशोधकांनी सांगितले.

खोटे पुढे का धावते?

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढला. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. खऱ्या बातमीला १५०० लोकांपर्यंत पोहोचायला खोट्या बातमीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. हे यंत्रांनी चालवलेल्या खात्यांमुळे होत असेल, असे वाटण्याजोगे होते. पण ती खाती वगळली तरी फरक तसाच राहिला. खोटे पसरवणारी माणसेच होती, कारण खोटी बातमी बहुधा नवी आणि आश्चर्याची असते. ऐकलेले चटकन दुसऱ्याला सांगावेसे वाटणे हा माणसाचा जुना स्वभाव आहे.

राग हे दुसरे इंधन. ट्विटरवरील मजकुराच्या २०१७ मधील एका अभ्यासात दिसले, की नैतिक भावना जागवणाऱ्या प्रत्येक जादा शब्दागणिक मजकुराचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढत होता. तिसरी गोष्ट पुनरावृत्तीची. एकच विधान वारंवार कानावर पडले की ते खरे वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. चार गटांवर एकच मजकूर आला की ‘सगळीकडे तेच येऊन राहिलं, काहीतरी असेलच’ असे वाटते. प्रत्यक्षात चारही गटांवरचा मजकूर एकाच जागेहून निघालेला असू शकतो.

एक क्षण थांबणे

या सगळ्यावर उपाय म्हणून मोठे शिक्षण लागते असे नाही. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, अविश्वसनीय संकेतस्थळांच्या बातम्या पसरवणाऱ्या पाच हजारांहून अधिक ट्विटर वापरकर्त्यांना एक साधा प्रश्न पाठवला गेला: हे एक शीर्षक तुम्हाला खरे वाटते का? त्यानंतर त्यांनी स्वतःहून पाठवलेल्या बातम्यांचा दर्जा सुधारला. माणसे बऱ्याचदा मुद्दाम खोटे पसरवत नाहीत. पाठवण्याच्या घाईत ‘हे खरे आहे का’ हा प्रश्न त्यांना पडतच नाही. प्रश्न पडला की हात थांबतो.

भारतातील अनुभव मात्र जरा सावध करणारा आहे. खोटी बातमी ओळखण्यासाठी फेसबुकने दिलेल्या सूचना २०१९ मध्ये येथील लोकांना दाखवून त्यांची परीक्षा घेण्यात आली. ऑनलाइन भेटलेल्या उच्चशिक्षित गटात खरे-खोटे ओळखण्याची क्षमता १७.५ टक्क्यांनी वाढली. प्रत्यक्ष भेटून तपासलेल्या, प्रामुख्याने ग्रामीण गटात काहीच फरक दिसला नाही. म्हणजे सूचनांचा कागद एकदा वाचून दाखवणे पुरेसे नाही. शेजारी बसून, रोजच्या मजकुरावर, पुन्हा पुन्हा शिकवावे लागते. सुटीत आलेल्या मुलाने किंवा नातवाने दहा मिनिटांऐवजी चार संध्याकाळी द्याव्यात, त्या यासाठी.

पहिल्या महिन्यात काय करावे?

सुरुवात मागण्यापासून करावी. समोर येईल ते पाहत बसण्याऐवजी आपल्याला काय हवे, हे आधी ठरवावे. शेती असेल तर अकोल्याच्याच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची माहिती, कपाशी-तुरीचे सल्ले. हवामानासाठी भारतीय हवामान विभाग. शहरातील आदेशांसाठी जिल्हा प्रशासन आणि पोलिसांची अधिकृत खाती. गाणी, कीर्तन, स्वयंपाक, भरतकाम, ज्याची आवड त्याने तेही शोधावे. पहिल्याच दिवसांत अशी आठ-दहा खाती निवडून घेतली, तर फोन उघडल्यावर कामाचे काहीतरी समोर येते.

यंत्र आपल्याकडून शिकत असते, हे ध्यानात ठेवावे. कोणत्या व्हिडिओवर किती वेळ थांबलो, काय पूर्ण पाहिले, यावरून पुढे काय दाखवायचे हे ठरते. भांडणाचा व्हिडिओ केवळ कुतूहलाने पाहिला तरी ती मागणीच धरली जाते. नको असलेले दिसल्यास नुसते ‘आवडले नाही’ म्हणून फारसे साधत नाही. मोझिला संस्थेने २०२२ मध्ये यूट्यूबवर तपासणी केली, तेव्हा ‘रस नाही’ या बटणाने नकोशा शिफारशींपैकी केवळ ११ टक्के टळल्या, तर ‘या चॅनेलची शिफारस करू नका’ या पर्यायाने ४३ टक्के. म्हणून दुसरे बटण वापरावे आणि पाहिलेल्याच्या यादीतून तो व्हिडिओ काढूनही टाकावा.

व्हॉट्सॲपची दोन कळसूत्रे लगेच बदलावीत. आपल्याला गटात कोण घालू शकते, ते केवळ ओळखीच्यांपुरते ठेवावे. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करावे. त्याने डेटा वाचतो आणि नको ते डोळ्यांपुढे येणेही कमी होते. मजकुरावर दोन बाण दिसले, तर तो अनेक हातांतून आलेला आहे, असे समजावे. असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा कंपनीने एप्रिल २०२० मध्ये घातली. त्यानंतर अशा मजकुराची देवाणघेवाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. पाठवणे थोडे अवघड झाले, एवढ्यानेच इतका फरक पडला. तीच मर्यादा माणसाला स्वतःवरही घालून घेता येते.

मजकूर पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न पुरतात. हे मुळात कोणी लिहिले? कधीचे आणि कुठले आहे? वाचून राग किंवा भीती वाटली का? तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर किमान रात्रभर थांबावे. खरी बातमी सकाळीही खरीच असते. फोटो जुना किंवा दुसरीकडचा असल्याची शंका आली, तर गुगल लेन्समध्ये तो टाकून आधी कुठे छापला गेला ते पाहता येते. औषधाचा मजकूर असेल, तर नियम आणखी कडक हवा. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराच्या गोळ्या व्हिडिओ पाहून बंद करू नयेत आणि सुरूही करू नयेत. तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवावा.

गटात चुकीचे काही आले तर चारचौघांत ‘हे खोटे आहे’ म्हणून पाठवणाऱ्याला उघडे पाडू नये. वडीलधाऱ्यांचा मान राखून खासगीत कळवावे: ‘काका, हे जुने दिसते, एकदा बघा.’ मान राहिला की माणूस स्वतःच मजकूर काढून टाकण्याची शक्यता वाढते. भडकावू मजकूर असेल, तर तो पुढे न पाठवता पोलिसांना कळवावा. पुढे पाठवणाराही कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतो. पैशांची फसवणूक झाली, तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा.

किती वेळ?

वेळेचेही गणित आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ मध्ये १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅटचा वापर प्रत्येकी दहा मिनिटांवर आणलेल्यांमध्ये तीन आठवड्यांनी एकटेपणा आणि उदासी कमी झालेली दिसली. अभ्यास छोटा आणि तरुणांपुरता होता, तरी दिशा कळते. नुसते सरकवत बसण्यापेक्षा नातवाशी व्हिडिओवर बोलणे किंवा जुन्या वर्गमित्राला शोधून त्याची खुशाली विचारणे अधिक मोलाचे. झोपताना फोन उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवावा. मन सतत अस्वस्थ राहत असेल, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

जुने शहराला लागून वाहणाऱ्या मोर्णा नदीच्या स्वच्छतेसाठी जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर घाटांवर उतरले होते. अशा कामाला लागणारा निरोप साधा असतो: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या घाटावर. त्यात संताप नसतो, ‘सगळ्यांना पाठवा, नाहीतर…’ अशी धमकी नसते, आणि पाठवणाऱ्याचे नाव स्पष्ट असते. नवख्या माणसाला चांगला मजकूर ओळखायचा असेल, तर हीच खूण पुरेशी आहे. निरोप कोणाचा हे कळते का, आणि वाचून झाल्यावर करण्याजोगे काही उरते की नुसता राग उरतो? पहिले उत्तर ‘हो’ आणि उरले ते काम असेल, तर पाठवायला हरकत नाही.